इव्हान्स गॅम्बिट: चौथ्या चालीला प्यादं द्या, पुढच्या दहा चालींत वसूल करा

पारावर बुद्धिबळाचा पट मांडलेला आहे. पांढऱ्याने चौथ्याच चालीला बी-पट्टीतलं (त्याच्या डावीकडून दुसऱ्या उभ्या रांगेतलं) प्यादं दोन घरं सरकवून उंटाच्या तोंडी दिलं, की मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी बोलतोच, "खाय ना बे, फुकटात भेटून रायलं!" खाणं चूक नाही. बहुतेक वेळा खाणंच बरोबर असतं. पण ते फुकट मात्र नसतं. त्या प्याद्याच्या मोबदल्यात पांढरा पटाच्या मधोमध दोन प्यादी शेजारी-शेजारी उभी करतो, आणि तोवर काळ्याचा उंट सी५, बी४, परत सी५, मग बी६ असा चार चाली नुसता हिंडत राहतो. गॅम्बिट म्हणजे मुद्दाम प्यादं देणारी सुरुवात, आणि इव्हान्स गॅम्बिट म्हणजे एवढाच व्यवहार आहे: प्यादं देऊन वेळ घ्यायचा.

घेतलेला वेळ टिकत नाही, हे मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्या. मृगाच्या पहिल्या शिंतोड्यावर कपाशी टोबून मोकळं झालं की दुबार पेरणीची पाळी येते. तसंच मोहरे घरात ठेवून नुसता वजीर नाचवला की प्यादंही जातं आणि हल्लाही. साधारण अठराव्या चालीपर्यंत काही हाती लागलं नाही, तर पांढरा फक्त एका प्याद्याने मागे असलेला खेळाडू उरतो.

विल्यम डेव्हिस इव्हान्स नावाच्या वेल्श जहाजी कप्तानाने १८२० च्या दशकात ही चाल खेळायला सुरुवात केली. पुढे पाऊणशे वर्षं युरोपात तिचा बोलबाला होता. मग बचावाचे चांगले मार्ग सापडले आणि ती मागे पडली. १९९५ मध्ये रीगा इथे कास्पारोव्हने तीच चाल विश्वनाथन आनंदवर काढली आणि २५ चालींत डाव जिंकला. मोठ्या खेळाडूंच्या डावांत ती आजही क्वचितच दिसते. तालुका-जिल्हा पातळीवर मात्र ती खेळण्यासारखी आहे, कारण तिथे काळ्याला बचाव पाठ नसतो.

लिहिण्याची पद्धत

या लेखात घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. पांढऱ्याकडून पाहिलं तर उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी खालून वर १ ते ८, त्यावरून घराचं नाव. नुसतं घराचं नाव लिहिलं तर ती प्याद्याची चाल. आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची चाल. ह-एफ-ई१ म्हणजे एफ-पट्टीतला हत्ती ई१ वर. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग, राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे आणणं (जुन्या पुस्तकांतला किल्लेकोट). स्पर्धेच्या स्कोअरशीटवर घरांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात, पण मोहऱ्यांची आद्याक्षरं आपल्या भाषेतली चालतात. जिल्हा परिषद शाळेच्या पोरांनी हे सुरुवातीलाच जाणून घ्यावं, इंग्रजीच्या धाकाने चाली लिहायचं टाळू नये.

गावातल्या एखाद्या आजोबांसोबत बसणार असाल तर आधी नियम ठरवून घ्या. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, राजाला एकदा घोड्याची चाल मिळते आणि कॅसलिंग नसतं. त्या नियमांत हे गॅम्बिट होतच नाही.

पहिल्या चार चाली

१. ई४ ई५
२. घो-एफ३ घो-सी६
३. उं-सी४ उं-सी५
४. बी४

इथपर्यंत पट मांडा आणि थांबा. सी४ वरच्या उंटाची नजर एफ७ वर आहे. सुरुवातीला एफ७ चं प्यादं फक्त राजा राखतो, त्यामुळे काळ्याच्या पटातली सगळ्यांत हळवी जागा तीच. पुढे बी३ वर वजीर आला की उंट आणि वजीर दोघेही एफ७ वर रोखलेले असतात. बी-पट्टीतलं प्यादं गेल्यामुळे वजिराला बी३ मोकळं होतं आणि उरलेल्या काळ्या घरांच्या उंटाला ए३ मोकळं होतं. ए३ वरून तो एफ८ पर्यंत तिरपा मारा करतो आणि काळ्या राजाला कॅसलिंग करू देत नाही. वजीर बी३, उंट ए३, राजा कोटात, हत्ती ई१ किंवा डी१ वर: या डावात पांढऱ्याला पोचायचं ते इथे. कोणती चाल आधी, ते काळा काय करतो त्यावर.

४...उं×बी४ ५. सी३. प्याद्याने उंटाला हटकलं. आता उंटाला चार मुख्य जागा आहेत आणि त्या चारही वेगळ्या शिकाव्या लागतात.

उंट सी५ वर परत गेला तर

गावपातळीवर सर्वाधिक हेच होतं, म्हणून याला जास्त वेळ द्या.

६. डी४ ई×डी४ ७. ०-०

सातव्या चालीला लगेच सी×डी४ करून प्यादं परत घ्यायचा मोह होतो. करू नका. ७...उं-बी४+ असा शह बसतो आणि एकतर राजा हलवावा लागतो नाहीतर मध्ये मोहरा घालावा लागतो, आणि विकत घेतलेला वेळ तिथेच खर्च होतो. आधी कॅसलिंग, मग सी×डी४. पुष्कळ पोरं इथेच घसरतात.

कॅसलिंगनंतर काळ्याने हावरटपणे ७...डी×सी३ खाल्लं, तर ८. उं×एफ७+ रा×एफ७ ९. व-डी५+. डी-पट्टी मोकळी झाल्यामुळे वजीर थेट डी१ वरून डी५ वर येतो आणि शह देता-देता सी५ वरचा उंट पकडतो. ९...रा-एफ८ १०. व×सी५+. दिलेला उंट परत आला, पुढे सी३ चं प्यादंही घोड्याने मिळतं, आणि काळा राजा उघड्यावर आहे. प्यादी मोजली तर पांढरा तरीही एकाने मागेच राहतो, पण इथून खेळायला पांढरंच सोपं.

जाणता काळा सी३ ला हात लावत नाही. तो ७...डी६ ८. सी×डी४ उं-बी६ खेळतो. ही या गॅम्बिटची मूळ स्थिती. पुस्तकांत तिला 'नॉर्मल पोझिशन' म्हणतात. डोळे मिटून पटावर मांडता आली पाहिजे. पांढऱ्याचं एक प्यादं कमी आहे, पण डी४-ई४ ची जोडी, कॅसलिंग झालेलं, दोन मोहरे बाहेर आणि चाल आपली. काळ्याचा राजा अजून मधेच.

इथे ९. घो-सी३ खेळा. पुढचे तीन फाटे असे.

काळ्याने ९...घो-एफ६ खेळलं, म्हणजे सगळ्यांत नैसर्गिक दिसणारी चाल, तर १०. ई५ डी×ई५ ११. उं-ए३. डी६ वरचं प्यादं हललं म्हणून ए३ पासून एफ८ पर्यंतचा तिरपा मार्ग उघडला आणि काळ्याचं कॅसलिंग बंद पडलं. ११...उं×डी४ १२. व-बी३ उं-ई६ १३. उं×ई६ एफ×ई६ १४. व×ई६+ घो-ई७ १५. घो×डी४ ई×डी४ १६. ह-एफ-ई१. आता ई७ वरच्या एका घोड्यावर पांढऱ्याचा वजीर, उंट आणि हत्ती असे तिघे चालून आले आहेत. सी३ चा घोडा प्याद्याच्या तोंडी आहे, तरी पांढऱ्याला त्याची फिकीर करायची गरज नाही. ही स्थिती मांडून काळ्याकडून सुटायचा प्रयत्न करून पाहा, मग ११ व्या चालीच्या उंटाची किंमत कळेल.

काळ्याने ९...घो-ए५ करून सी४ चा उंट मारायचं ठरवलं, तर घाबरून उंट मागे नेऊ नका. १०. उं-जी५ एफ६ ११. उं-एफ४ घो×सी४ १२. व-ए४+ आणि पुढच्या चालीला व×सी४. मोहरा परत मिळाला, आणि एफ६ चं प्यादं हललेलं असल्यामुळे सी४ वरच्या वजिराची नजर सरळ जी८ पर्यंत जाते. काळ्याला त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही.

काळ्याने ९...उं-जी४ करून एफ३ चा घोडा जखडला (तो हलला तर मागचा वजीर जातो), तर १०. उं-बी५. इथून डी५ ची धमकी आहे, कारण सी६ चा घोडा आता राजासमोर जखडलेला आहे. काळ्याने त्या बदल्यात उं×एफ३ केलं तर जी-प्याद्याने परत घ्या. राजासमोरची प्यादी फाटली तरी डी४ वरचा दाब कमी होतो.

उंट ए५ वर गेला तर

हा बचाव जास्त अवघड आहे, कारण ए५ वरून उंट सी३ च्या प्याद्यावर दाब धरून राहतो. ६. डी४ नंतर काळा दोनपैकी एक करतो: डी४ खातो किंवा डी६ खेळून आपलं ई५ राखतो.

६...डी६ हे खरं औषध. इथे ७. ०-० केलं तर काळा ७...उं-बी६ खेळतो आणि 'लास्करचा बचाव' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थितीत पोचतो. त्यात पांढऱ्याने प्यादं वसूल करायचं म्हटलं तर ८. डी×ई५ डी×ई५ ९. व×डी८+ घो×डी८ १०. घो×ई५. हिशेब बरोबर झाला, पण वजीर उतरले, हल्ला संपला, आणि पांढऱ्याची ए आणि सी ही दोन प्यादी एकेकटी उरली. गॅम्बिट खेळून शेवटाकडचा कोरडा, किंचित वाईट डाव हाती येतो. यासाठी सातव्या चालीला कॅसलिंग न करता ७. व-बी३ खेळा. आधीच्या फाट्यात कॅसलिंग घाईने करायचं, इथे थांबवायचं. हा फरक लक्षात ठेवायलाच हवा.

७. व-बी३ नंतर एफ७ वर धमकी आहे. काळ्याने वजीर डी७ वर आणला तर ८. डी×ई५ खेळा, पुढे घो-बी-डी२ आणि कॅसलिंग, डाव दोघांनाही खेळण्यासारखा आहे. पण ७...व-ई७ दिसायला तितकंच साधं आहे आणि त्यात खड्डा आहे: ८. डी५ घो-डी४ ९. घो×डी४ ई×डी४ १०. व-ए४+. शह राजाला, पण खरं लक्ष्य ए५ चा उंट. शह सोडवला की उंट गेला. सी६ चा घोडा डी४ ऐवजी बी८ किंवा डी८ वर गेला तरी लगेच ९. व-ए४+, उत्तर तेच. ए५ वरचा बिनराखणीचा उंट आणि ए४ चा शह ही जोडी इव्हान्समध्ये सारखी भेटते. प्रत्येक चालीआधी एकदा तपासून बघायची सवय लावा.

६...ई×डी४ ७. ०-० नंतर काळ्यापुढे पुन्हा वाटा आहेत. ७...घो-जी-ई७ सर्वांत समजूतदार: ८. सी×डी४ डी५ ९. ई×डी५ घो×डी५. मधली प्यादी बदलून काळ्याने श्वास घेतला, एक प्यादं अजून त्याचंच जास्त आहे. १०. उं-ए३ करून राजाला मधे अडकवून ठेवा. फायदा मोठा नाही, खेळ मात्र पांढऱ्याकडे.

७...डी×सी३ म्हणजे आणखी एक प्यादं खाणं. इथे ८. व-बी३. काळ्याचा वजीर एफ६ वर आला तर ९. ई५. हे प्यादं घोड्याने खाल्लं, तर ९...घो×ई५ १०. ह-ई१ डी६ ११. घो×ई५ डी×ई५ १२. व-बी५+, आणि पुन्हा तोच ए५ चा उंट. म्हणून काळा ९...व-जी६ खेळतो. मग १०. घो×सी३ घो-जी-ई७ ११. उं-ए३. पांढरा दोन प्यादी मागे आहे, पण त्याचे सगळे मोहरे कामाला लागलेत. काळ्याचा वजीर जी६ वर एकटा आहे, आणि मागचे दोन हत्ती आणि उंट अजून घरातच.

एक डाव जवळून

याच फाट्यातला १९६३ चा डाव, न्यूयॉर्कमध्ये बॉबी फिशरने रूबेन फाइनविरुद्ध खेळलेला, स्पर्धेबाहेरचा. ८. व-बी३ नंतर फाइनने वजीर एफ६ ऐवजी ई७ वर ठेवला.

८...व-ई७ ९. घो×सी३ घो-एफ६ १०. घो-डी५ घो×डी५ ११. ई×डी५ घो-ई५ १२. घो×ई५ व×ई५ १३. उं-बी२ व-जी५ १४. एच४ व×एच४ १५. उं×जी७ ह-जी८ १६. ह-एफ-ई१+ रा-डी८ १७. व-जी३

काळ्याने डाव सोडला. पटावर बघा. पांढऱ्याने वजीर काळ्या वजिराच्या तोंडात दिला आहे. वजिराने वजीर खाल्ला तर १८. उं-एफ६ मात: ई८ वर ई१ चा हत्ती, सी८ वर स्वतःचाच उंट, सी७-डी७ वर स्वतःचीच प्यादी. हत्तीने जी७ चा उंट खाल्ला तर १८. व×एच४+ करून वजीर गेला. ९...घो-एफ६ ही एकच साधीशी चाल काळ्याला भोवली, कारण १०. घो-डी५ ने ई७ चा वजीर आणि एफ६ चा घोडा दोन्ही हलवायला लावले आणि ई-पट्टी पांढऱ्या हत्तीसाठी उघडली. १४. एच४ कडेही नीट बघा. प्यादं फेकलं ते फक्त वजिराला जी५ वरून हटवायला, म्हणजे जी७ ची राखण सुटेल. या एका डावात बी, सी, डी आणि एच अशी चार प्यादी गेली आणि प्रत्येकाने बदल्यात काहीतरी आणलं. त्यांतलं कुठलं प्यादं कशासाठी गेलं, ते वहीत एका ओळीत लिहून काढा. या गॅम्बिटचा निम्मा अभ्यास त्यात होतो.

तसाच दुसरा जुना डाव १८५२ चा, बर्लिनमध्ये अँडरसनने डुफ्रेनविरुद्ध खेळलेला, 'एव्हरग्रीन' म्हणून ओळखला जाणारा. तोही याच सुरुवातीचा. ११ व्या चालीला ए३ वर जाऊन बसलेला उंट २४ व्या चालीला ई७ वर मात देतो. मधल्या बारा चाली तो जागेवरून हललेला नाही.

उंट ई७ किंवा डी६ वर

५...उं-ई७ ६. डी४ घो-ए५. सी४ च्या उंटावर हल्ला. ७. घो×ई५ घो×सी४ ८. घो×सी४ डी५ मध्ये बरोबरी होते. त्यापेक्षा ७. उं-ई२ ई×डी४ ८. व×डी४, हीच ती कास्पारोव्हने आनंदवर वापरलेली वाट. वजीर जी७ कडे बघतो. पुढे ८...घो-एफ६ ९. ई५ घो-सी६ १०. व-एच४ घो-डी५ ११. व-जी३. पाच चालींत काळ्याचे घोडे हाकलत-हाकलत पांढऱ्या वजिराने जी७ धरलं आणि काळ्याला जी६ खेळून काळी घरं उघडी टाकावी लागली. इथे घाईचा मारा नाही, हळूहळू जागा दाबायची आहे. एफ७ फोडायच्याच नादात असलेल्याला ही वाट आवडत नाही.

५...उं-डी६ विचित्र दिसतं, कारण उंट स्वतःच्याच डी-प्याद्यापुढे उभा राहतो. पण ई५ भक्कम राहतं. ६. डी४ घो-एफ६ ७. ०-० ०-० ८. ह-ई१, मग घोडा बी१-डी२-एफ१-जी३. इथे झटपट मारा शोधू नका, काळ्याचा सी८ चा उंट बराच वेळ बाहेर येत नाही तेवढं पुरे.

खाल्लंच नाही तर

४...उं-बी६ आलं तर ५. ए४. पुढे ए५ ने उंट अडकवायची धमकी आहे. काळा बहुधा ५...ए६ करतो. मग ६. घो-सी३, ७. घो-डी५. ५...घो×बी४ खाल्लं तर ६. ए५ उं-सी५ ७. सी३ घो-सी६, आणि प्यादं गेलं असलं तरी काळ्याचे उंट-घोडे पुन्हा पळापळ करत आहेत. ५. बी५ करून घोडा हुसकावणं टाळा, ई५ च्या मागे लागून भानगड होते.

४...घो×बी४ ला ५. सी३ घो-सी६ ६. डी४ ई×डी४ ७. ०-० डी६ ८. सी×डी४ उं-बी६. ओळखलीत? वरचीच मूळ स्थिती.

आणि पुष्कळदा तिसऱ्याच चालीला उंट सी५ वर येत नाही. ३...घो-एफ६ आलं तर बी४ ला अर्थ नाही, कारण मारायला उंटच नाही. त्याऐवजी ४. डी४ ई×डी४ ५. ०-०, हेही प्यादं देणंच. ५...घो×ई४ ६. ह-ई१ डी५ ७. उं×डी५ व×डी५ ८. घो-सी३. ई४ चा घोडा जखडलेला, डी४ च्या प्याद्याने सी३ खाल्लं तर डी५ चा वजीर जातो. दिलेलं सगळं परत येतं. ३...एच६ किंवा ३...डी६ सारख्या भित्र्या चालींना मात्र प्यादं द्यायची गरजच नाही. ४. डी४ करून मधली जागा फुकट घ्या.

स्पर्धेच्या दिवशी

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा चढत जातात. त्यांत वेळ कमी असतो. १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद धरले, तर पहिल्या आठ चाली दोन मिनिटांच्या आत व्हायला हव्यात, त्या पाठच आहेत. मग पुढच्या दहा चालींवर सात-आठ मिनिटं खर्च करा. उलटं होतं ते असं: सुरुवात आठवण्यात पाच मिनिटं जातात आणि एफ७ वर उंट मारायचा की नाही हे ठरवायला वीस सेकंद उरतात.

कॅसलिंग करताना एकाच हाताने, आधी राजा दोन घरं सरकवा, मग हत्ती. आधी हत्तीला हात लावला आणि नंतर राजाला, तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही. पारावर दोन्ही हातांनी कॅसलिंग करायची सवय असते आणि या गॅम्बिटमध्ये सातव्या चालीचं कॅसलिंग हुकलं की डावच बदलतो.

मे महिन्यात शाळेच्या टिनाच्या छताखाली दुपारच्या जेवणानंतरची फेरी असेल, कूलर नुसता घरघरत असेल, तर हे गॅम्बिट खेळायला तीच वेळ सगळ्यांत चांगली. बचाव करणाऱ्याला प्रत्येक चालीला अचूक राहावं लागतं, हल्ला करणाऱ्याला तेवढं नाही. पण पाणी तुम्हीही प्या.

बाद होण्याची सर्वांत मोठी चूक चालींत नसते, मनात असते: दहाव्या-बाराव्या चालीला "माझं एक प्यादं कमी आहे" हे आठवून घाबरणं आणि वजीर उतरवणं. वजीर उतरले की मागे राहिलेलं प्यादं जड होतं. अदलाबदल करायचीच असेल तर काळ्याचे बचाव करणारे मोहरे उतरवा: एफ६ चा घोडा, ई६ चा उंट. हल्ला मिटलाच असेल तर मात्र प्यादं परत मिळवायचं बघा आणि बरोबरी मान्य करा.

सराव

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचा पट चालेल, मोहरे मात्र पूर्ण हवेत. हरवलेल्या हत्तीच्या जागी बाटलीचं झाकण ठेवून सराव केला की स्पर्धेत डोळे फसतात.

पहिला आठवडा फक्त मूळ स्थिती. रोज ती मांडा आणि सोबत्याबरोबर दोन डाव खेळा, एकदा पांढऱ्याकडून, एकदा काळ्याकडून. काळ्याकडून खेळल्याशिवाय पांढऱ्याची ताकद कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात ए५ वरचा उंट, त्यातही ७. व-बी३. ई७ आणि डी६ चे फाटे नंतर, निवांत.

सोबती नसेल तर मोबाईलवर लिचेस हे बुद्धिबळाचं अ‍ॅप फुकट आहे. विश्लेषणाच्या पटावर आठ चाली लावा आणि तिथून संगणकाशी डाव सुरू करा. पातळी मधली ठेवा. अगदी वरच्या पातळीचा संगणक प्रत्येक वेळी प्यादं शांतपणे परत देतो आणि शिकायला काही मिळत नाही. रेंज नसली किंवा लाइट गेली तर वही पुरते: फिशर-फाइनचा डाव सतराव्या चालीपर्यंत पाठ म्हणा आणि प्रत्येक चालीला काळ्याने दुसरं काय केलं असतं ते एका ओळीत लिहा. नवव्या चालीला काळ्याने घो-एफ६ ऐवजी काय खेळायला हवं होतं, तिथून सुरुवात करा.